लेक अग्निवीर, सासरे पेन्शनर आणि दोघांचे कागद माझ्याकडं

पोराला आर्मीत पाठवायचं म्हणजे काय काय करावं लागतं हे मला इतक्या जणींनी विचारलंय की म्हणलं एकदाचं लिहूनच टाकते. फक्त आधीच सांगते, माझ्याकडून नुसती भरतीची माहिती येणार नाही, कारण आमच्या घरात त्या वर्षी फौजेची दोन टोकं एकदम चालू होती, लेकाचा भरतीचा फॉर्म आणि सासऱ्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला. दोन्ही माझ्याच गळ्यात, का तर मी झेडपीच्या शाळेत शिकवते आणि घरात ऑनलाइनचं जमतं ते मलाच. आमचे हे कारखान्यात, सीझन सुरू झाला की घरी फक्त झोपायला येतात.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमचं गाव काही अपशिंगे नाही, तिथनं पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले आणि आजही घराघरात फौजी आहे, पण आमच्याकडंही दर आळीला एकदोन पेन्शनर निघतातच. सासरे, म्हणजे आण्णा, मराठा लाईट इन्फंट्रीतनं हवालदार होऊन रिटायर झाले. १९७१ च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात जमालपूरला (आत्ताच्या बांगलादेशात) होते, पहिली बटालियन, जंगी पलटण म्हणतात ती. लढाईबद्दल बोलत नाहीत फारसं. एकच गोष्ट सांगतात, की आपल्या ब्रिगेडियर साहेबांनी समोरच्या पाकिस्तानी अधिकाऱ्याला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि उत्तराच्या कागदात गुंडाळून बंदुकीची गोळी आली. मग पुढं काय झालं आण्णा, असं नातवानं विचारलं की म्हणायचे, मग काय, आलेच की शरण, आणि चहा मागायचे.

लेकाचं म्हणाल तर त्याला आम्ही कुणी सांगितलं नव्हतं. दहावीनंतर गावातली पोरं पहाटे हायवेच्या कडेनं पळायला जातात त्यात हा पण जायला लागला, मग अकॅडमी लावली, मग एक दिवस म्हणाला मम्मी फॉर्म सुटलाय. मला नको होतं. आर्मी नको असं नाही, चार वर्षांची आर्मी नको होती. जून २०२२ मध्ये अग्निपथ आलं तेव्हापासून आमच्या भागात दुसरा विषयच नव्हता. पूर्वी पोरगा भरती झाला की पंधरा-सतरा वर्षं नोकरी, नंतर जन्मभर पेन्शन, घर उभं राहायचं, आमचं हे घरच त्या पेन्शनवर उभं आहे. आता साडेसतरा ते एकवीस (तेव्हाचा नियम) वयात घ्यायचं, चार वर्षांनी शंभरातले जास्तीत जास्त पंचवीस ठेवायचे आणि बाकीच्यांना घरी पाठवायचं. पगार पहिल्या वर्षी ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीला कापून हातात २१ हजार, चौथ्या वर्षी ४० हजारांतले २८ हजार. जेवढं कापलं तेवढंच सरकार घालतं आणि शेवटी व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्यात पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. मी आण्णांना म्हणलं तुम्ही तरी समजवा त्याला. तर म्हणाले, सूनबाई मी जाताना माझ्या बापानं मला आडवलं न्हवतं, आणि मी रांगेत उभा ऱ्हायलो तवा पेन्शन किती मिळंल हे मला कुठं म्हाईत होतं. झालं, तिथंच माझा एक माणूस फुटला.

फॉर्म भरताना आयांनो एकच लक्षात ठेवा, दहावीचं मार्कशीट आणि आधार यावरचं नाव अक्षर न अक्षर सारखं पाहिजे. पोराचं, बापाचं आणि आपलं पण. आमच्या माहितीतला एक मुलगा सगळं पास होऊन आईच्या नावातल्या एका अक्षरासाठी तहसीलला फेऱ्या मारत होता. फॉर्मची फी २५० रुपये. आधी कॉम्प्युटरवरची लेखी परीक्षा, त्यात पास झालं तरच ग्राउंड. पूर्वी उलटं होतं, आधी ग्राउंड आणि मग पेपर. आता पेपर आधी आल्यामुळं नुसती पळणारी पोरं मागं पडतात आणि क्लासवाल्यांची चंगळ झाली हे माझं मत.

मग कागदं. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, शाळेचं आणि सरपंचांचं चारित्र्य प्रमाणपत्र, पोलिसांचं, आणि एक अविवाहित असल्याचा दाखला. ते पण फोटो लावून, सहा महिन्यांच्या आतलं. ग्रामपंचायतीत तो दाखला काढताना सरपंच म्हणाले मॅडम लग्न ठरवलं नाही ना गुपचूप, म्हणलं अजून मिशी पण धड आली नाही त्याला. माजी सैनिकाच्या मुलाला बोनस मार्क असतात, ते नातवाला मिळत नाहीत. आण्णांनी डिस्चार्ज बुक काढून ठेवलं होतं पिशवीत, तसंच परत ठेवलं.

ग्राउंडचं मात्र नीट सांगते कारण ते मी बघितलंय, म्हणजे गेटच्या बाहेरनं. आईबापांना आत सोडत नाहीत. पोरांना मध्यरात्रीच रांगेत घेतात आणि बाहेर रस्त्याकडंला आम्ही, चादरी टाकून, कुणी जीपमध्ये, कुणी बंद दुकानाच्या पायरीवर. आत काय करायचं असतं ते सगळ्या पोरांना पाठ असतं, १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारलं तर पूर्ण ६० मार्क, दहा बीम (म्हणजे पुलअप्स) काढले तर ४०, नऊ फुटांच्या खड्ड्यावरनं उडी, झिगझॅग बॅलन्स, मग उंची वजन, छाती ७७ आणि फुगवून ८२. पण बाहेर बसलेल्याला यातलं काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच की उजाडायच्या आधी पोरं गेटमधनं बाहेर यायला लागतात, आणि लवकर बाहेर येणारा म्हणजे पळण्यातच गेलेला. त्यामुळं आपला पोरगा दिसू नये म्हणून सगळे आईबाप गेटकडं बघत बसलेले असतात. एकजण बूट हातात घेऊन अनवाणीच आला, सॉक्सला पुढं भोक पडलेलं, आणि बापाजवळ येऊन उभा राहिला. बाप काही बोलला नाही, चादर झटकली, घडी केली, पिशवीत घातली, पोराच्या हातातले बूट घेतले आणि दोघं स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. पोरगा पुढं, बाप मागं. त्या पोराला कोण शाल घालणार नाही कधी. पण दोन वर्षं पहाटे चारला उठून पळलाच होता ना तो पण.

आमचा ऊन चढल्यावर आला, हातावर स्केचपेननं नंबर लिहिलेला आणि तोंडभर धूळ. मेडिकलला टेम्पररी अनफिट केलं, कारण काय तर कानात मळ. हसू नका, यात खूप पोरं अडकतात. कान, दात, नाकाचं हाड, गुडघे जुळतात का, तळपाय सपाट आहे का, हे सगळं आधीच गावातल्या डॉक्टरला दाखवून घ्या. आमचे हे स्वतः तरुणपणी फ्लॅट फूटवर बाद झालेत, त्यामुळं लेक तळपाय ओला करून फरशीवर ठसा बघायचा, पण कानाकडं कुणाचंच लक्ष नाही. मग रिव्ह्यूसाठी मिलिटरी हॉस्पिटलला, तिथं फिट झाला आणि मेरिटमध्ये नाव लागलं. सेंटर बेळगाव, मराठा लाईट इन्फंट्री. आण्णा त्या दिवशी दुपारी झोपले नाहीत.

जायच्या आधी जे फॉर्म भरायचे असतात त्यात नॉमिनीचा एक असतो. भरतीच्या सगळ्या प्रकारात मला जड गेलं ते हेच. पळणं त्याचं होतं, पेपर त्याचा होता, हे मात्र माझं नाव होतं. अग्निवीराला ४८ लाखांचा विमा असतो, ड्युटीमुळं मृत्यू आला तर वरून ४४ लाख सानुग्रह आणि राहिलेल्या काळाचा पगार, असं सगळं व्यवस्थित लिहिलेलं आहे. सहज वाचायला घेतलं आणि मला ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनला गेलेला आपल्या बुलढाण्याचा अक्षय गवते आठवला. तेव्हा टीव्हीवर चर्चा कशावर, तर त्याच्या घरच्यांना किती मिळणार, हा म्हणतोय एवढे, तो म्हणतोय तेवढे नाहीत. घरात माणूस गेलेला आणि बाहेर हिशोब चाललेला. लेक म्हणाला मम्मी तुझी जन्मतारीख आधारवर आहे तीच टाकू ना, मी म्हणलं टाक.

तो गेला आणि नोव्हेंबर उजाडला, म्हणजे आण्णांचा हयातीचा दाखला. डिफेन्स पेन्शन आता स्पर्श पोर्टलवर गेली आहे, दरवर्षी आपण जिवंत आहोत हे ऑनलाइन सिद्ध करायचं. आधी सेवा केंद्रात गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, लाल लाईट. पुसून ठेवला, लाल. दुसरा अंगठा, मग बोटं, सगळी लाल. आधी बंदूक, नंतर चाळीसेक वर्षं शेती, बोटावरच्या रेघा राहतील कुठनं. केंद्रातला पोरगा चांगला होता, त्यानं व्हॅसलीन लावून बघितलं, आधी ओल्या रुमालानं पुसून बघितलं, शेवटी म्हणाला मॅडम चेहऱ्यानं होतंय का बघा मोबाईलवर. घरी आले, ॲप टाकलं, आण्णांना अंगणात उजेडाला खुर्चीवर बसवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, केस विंचरून, फोटोला बसतात तसे ताठ बसले. ॲप सांगतंय डोळे मिचकवा आणि आण्णा डोळे उघडेच ठेवून बसलेले, मी सांगतेय आण्णा डोळे मिटा उघडा, ते म्हणाले अगं फोटोत डोळं मिटत नसत्यात. शेवटी आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, शेजारनं काहीतरी चेष्टा केली, त्यांना हसू आलं, पापणी लवली आणि हिरवी खूण आली.

खरा घोळ पुढंच होता. पोर्टलवर बघितलं तर आत्यांचं नाव वेगळंच, रेकॉर्डला लग्नाच्या वेळी कुणीतरी ऐकून लिहिलेलं आणि आधारवर दुसरं, जन्मतारीख तर दोन्हीकडं अंदाजेच. म्हणजे उद्या आण्णांना काही झालं तर फॅमिली पेन्शन अडकली. हे आमच्याच घरात नाही, भागातल्या निम्म्या पेन्शनर बायकांचं हेच आहे. पूर्वी लग्न, मुलं यांची नोंद करायला युनिटमधनं पार्ट टू ऑर्डर निघायची त्यात जे पडलं ते पडलं, नंतर कुणी बघितलंच नाही. ॲफिडेव्हिट, दोन्ही नावांची बाई एकच असल्याचा दाखला, डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, रेकॉर्ड ऑफिसला पत्र, हे सगळं केलं. एका ऑफिसात (कुठलं ते नको) टेबलावरच्या माणसानं आण्णांना उभंच ठेवलं, कागद चाळत म्हणाला बाबा इतकी वर्षं काय झोपला होता का. वर भिंतीवर जवानांचं मोठं पोस्टर, बर्फातलं. आण्णा काही बोलले नाहीत, मला मात्र राहवलं नाही. बाहेर आल्यावर आण्णा मलाच म्हणाले, कशाला भांडतीस, काम त्याच्याकडनंच हाय. याउलट जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मात्र खुर्ची मिळाली, पाणी मिळालं, कुठला कागद कुठं जोडायचा ते लिहून मिळालं, तुमच्याकडं कुणी माजी सैनिक असेल तर सगळ्यात आधी तिथं जा. घरपट्टी माफ असते हे पण कित्येकांना माहीत नाही, राज्य सरकारनं २०२० मध्ये केलंय, अर्ज मात्र करावा लागतो.

कसम परेडला, म्हणजे ट्रेनिंग संपल्यावरच्या शपथेच्या परेडला, आम्ही सगळे बेळगावला गेलो. मैदानावर सगळी पोरं एकसारखी, आमचा कुठला हे मला ओळखूच येईना. निशाण पुढं आलं, पोरांनी शपथ घेतली आणि मग 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' असं जे सगळ्यांच्या गळ्यातनं निघालं ना, तेव्हा शेजारी बसलेले आण्णा कधी उभे राहिले मला कळलंच नाही. परेड संपल्यावर लेकाच्या उस्तादांनी (ट्रेनिंग देणाऱ्यांनी) आण्णांना विचारलं कुठली पलटण काका, आण्णा म्हणाले जंगी, तर त्या माणसानं तिथल्या तिथं टाचा जुळवून जय हिंद केलं. आण्णांचा हात वर गेला तो एकदम सरळ, ज्या हाताचा अंगठा मशीनला सापडत नव्हता तोच. लेक वाळलेला, काळवंडलेला, आणि मला 'तुम्ही' म्हणायला लागलेला. दोन दिवसांनी गेलं ते.

सुट्टीवर आला तेव्हा गावात स्वागत. फ्लेक्स लागला, डीजे, गुलाल, उघड्या जीपमधनं मिरवणूक, वर्गमित्रांनी मिळून केलेलं. मला बरं वाटलं नाही असं म्हणणार नाही, आई आहे मी. पण त्याच आळीत एकजण आहेत, कारगिलच्या वेळी तिकडं होते, नंतर मेडिकल बोर्डानं लवकर घरी आले, पायात अजून लंगडतात. आणि पलीकडं एक वीरनारी, म्हणजे कामी आलेल्या जवानाची पत्नी आहेत, त्या शेळ्या राखतात. मिरवणूक त्यांच्या दारावरनंच गेली. १५ ऑगस्टला शाळेत माजी सैनिकांचा सत्कार असतो त्याची यादी मीच करते, त्यामुळं कुणाला बोलावतात आणि कुणाचं नाव 'राहू दे' म्हणून राहतं हे मला चांगलं माहितीय. जे फेटा बांधून, मेडल लावून येतात त्यांना पहिली खुर्ची. पिणारे, भांडणारे, गप्प राहणारे, ते यादीत नसतात. ७ डिसेंबरला सैनिकांसाठीचा ध्वजदिनाचा निधी गोळा करायचा असतो, टार्गेट येतं, शिक्षक आपापसात काढून भरून टाकतात, मुलांना झेंडा कशासाठी ते सांगायला कुणाला वेळ नसतो. या वर्षीपासून मी यादी माझ्या पद्धतीनं करतेय, शेळ्या राखणाऱ्या बाईंच्या हस्ते झेंडावंदन झालं, त्यांनी दोरी ओढायला मुलीला मदतीला घेतलं एवढंच. एकदोघांनी नाकं मुरडली.

आणि माझ्या डोक्यातनं न जाणारी गोष्ट ही की चार वर्षांनी आमचा लेक परत आला तर तो या यादीत बसणार कुठं. नियमानं अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. ईसीएचएसचा (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा) दवाखाना नाही, कॅन्टीन नाही, पेन्शन तर नाहीच. निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत, सर्टिफिकेट आहे, पैसे आहेत, म्हणजे अगदीच वाऱ्यावर सोडलंय असं मी म्हणत नाही. पण बॉर्डरवर थंडी त्याला पण तेवढीच वाजणार आहे ना. सुट्टी वर्षाला तीस दिवस, बाकीच्या जवानांना याच्या तिप्पट मिळते. पंचवीस टक्क्यांत आला तर प्रश्नच नाही, आणि तो म्हणतो मी येणारच, पण सगळीच पोरं हेच म्हणत असणार.

हे मी एकदा घरात बोलले आणि आण्णांनी ते त्यांच्या तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेच्या मीटिंगमध्ये काढलं, मला न सांगता. चार वर्षं करून येणाऱ्या पोरांना संघटनेत घ्यायचं का. म्हणे दोन तास वादावादी चालली. एक रिटायर्ड सुभेदार साहेब म्हणाले, नियमात बसत नाही, उद्या कुणी तक्रार केली तर रजिस्ट्रेशन जाईल, आणि चार वर्षांत कसला आलाय फौजी, आम्ही अठ्ठावीस वर्षं घासलीत. दुसरे म्हणाले मग १९७१ ला दोन वर्षांच्या सर्व्हिसची पोरं पुढं पाठवली ती कोण होती. आण्णांनी सांगितलं, दर्जा द्यायचा का न्हाई ते सरकार बघंल, संघटना आपली हाय, चहा आपला हाय, बसायला सतरंजी आपली हाय. शेवटी 'सहयोगी सभासद' असं काहीतरी ठरलं, मतदानाचा हक्क नाही पण मीटिंगला यायचं, अडचण सांगायची, कागदपत्राला मदत मिळणार. कागदपत्राचं कोण बघणार म्हणून विचारलं तेव्हा आण्णांनी माझं नाव दिलं. पहिल्या तुकडीतली पोरं आली की त्यांचे सेवानिधीचे फॉर्म घेऊन लोक माझ्याच दारात येणार हे आता पक्कं आहे, आणि सुभेदार साहेबांच्या आग्रहाखातर वर्गणी मात्र पूर्ण घ्यायची असंही ठरलंय.